ऑर्केस्ट्रातल्या खुर्चीवरून सोलोसाठी पुढे येताना: तयारीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ऑर्केस्ट्रात अनेक वर्षं वाजवलेल्या वादकाला आपल्याच ऑर्केस्ट्रासमोर कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची सोलो रचना, वाजवायची संधी मिळाली, की तो पहिल्या दिवसापासून अवघड पॅसेज घोटायला बसतो. पॅसेज बसतातही. मग पहिल्या रिहर्सलला कळतं, की मागवलेले पार्ट (प्रत्येक वाद्याच्या छापील ओळी) वेगळ्या पट्टीतले आहेत, कॅडेन्झा (ऑर्केस्ट्रा थांबल्यावर सोलोवाल्याने एकट्याने वाजवायचा भाग) कुठे संपते हे कंडक्टरला ठाऊक नाही, उभं राहिल्यावर श्वास पुरत नाही आणि आवाज पाचव्या रांगेपलीकडे जात नाही. यातल्या एकाही गोष्टीचा बोटांच्या तयारीशी संबंध नाही. कामं उलट्या क्रमाने केली, एवढंच झालेलं असतं.

मुंबई, पुणे, गोव्यातल्या चेंबर ऑर्केस्ट्रांत वाजवणारे, नौदलाच्या बँडमधले, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या व्यावसायिक संस्थेची स्वप्नं बघणारे आणि लंडन किंवा न्यू जर्सीत नोकरी सांभाळून कम्युनिटी ऑर्केस्ट्रात बसणारे मराठी वादक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. क्रम सगळ्यांना सारखाच लागू पडतो. हाताशी सहा महिने आहेत असं धरून लिहितो आहे. चार असतील तरी जमेल. त्याहून कमी असतील, तर तुम्ही आधी वाजवलेलीच रचना घ्या.

## टप्पा १: होकार देण्याआधी काय विचाराल

कार्यक्रमाची तारीख सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न चार आहेत आणि त्यांची उत्तरं ईमेलवर लेखी घ्या.

१. ऑर्केस्ट्राबरोबर सोलोच्या रिहर्सल किती? बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन रिहर्सल आणि रंगीत तालीम एवढंच मिळतं. हौशी ऑर्केस्ट्रात जास्त मिळतात, पण दर वेळी माणसं वेगळी असतात.

२. त्या दिवशी तुमच्या खुर्चीवर कोण बसणार? पहिला ओबो सोलो वाजवत असेल, तर ऑर्केस्ट्रातला पहिला ओबो दुसऱ्या कुणाला तरी वाजवावा लागणार. हे काम शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाच्याही डोक्यात नसतं.

३. उरलेल्या कार्यक्रमात तुम्ही वाजवणार का? आधीच्या ओव्हर्चरमध्ये वाजवू नका. मध्यंतरानंतरच्या सिम्फनीत वाजवायचं की नाही हे ब्रासवाल्यांनी (ट्रम्पेट, हॉर्न, ट्रोम्बोन, ट्यूबा वाजवणाऱ्यांनी) ओठांचा विचार करून आजच ठरवावं.

४. मानधन आणि रेकॉर्डिंग. आपल्याच संस्थेत पैशांचं कसं विचारायचं, असा संकोच वाटतो. विचाराच. रेकॉर्डिंग कुठे टाकलं जाणार, तेही विचारा.

तपासा: चारही उत्तरं लेखी आल्याशिवाय रचनेचं नाव पक्कं करू नका. रिहर्सल किती मिळणार, त्यावर रचना ठरते.

## टप्पा २: रचना ऑर्केस्ट्राकडे बघून निवडा

आपल्याला आवडते म्हणून रचना निवडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आधी बघायचं, की आपल्या ऑर्केस्ट्रात कोण कोण आहे. बसून (bassoon) या फुंकून वाजवायच्या वाद्यासाठीच्या मोझार्टच्या कॉन्चेर्टोला, म्हणजे के. १९१ ला (के. हा मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), तंतुवाद्यांशिवाय फक्त दोन ओबो आणि दोन हॉर्न लागतात. क्लॅरिनेटच्या के. ६२२ ला ओबो लागतच नाहीत, दोन बासऱ्या, दोन बसून आणि दोन हॉर्न लागतात. हायडनच्या सी मेजर चेलो कॉन्चेर्टोला पुन्हा दोन ओबो आणि दोन हॉर्न. त्याच हायडनचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो मात्र बासऱ्या, ओबो, बसून, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी असा सगळा संसार मागतो. बाहेरून दोन हॉर्नवाले बोलवावे लागले, तर त्यांचा प्रवास आणि मानधन कुणीतरी देणार असतं, आणि बजेट आखडलं की आधी सोलोच कापला जातो.

फक्त तंतुवाद्यं असतील तरी पर्याय भरपूर आहेत. व्हिवाल्डीने बसूनसाठी तीसहून जास्त कॉन्चेर्टो लिहिले. टेलेमानचा जी मेजरमधला व्हायोला कॉन्चेर्टो आहे. स्वीडिश रचनाकार लार्स-एरिक लार्सन याने १९५० च्या दशकात वेगवेगळ्या वाद्यांसाठी बारा छोटे कॉन्चेर्टिनो लिहिले. साथीला फक्त तंतुवाद्यं आणि लांबी आटोपशीर. ट्रोम्बोन किंवा डबल बेसवाल्यांना सोलोची रचना सापडत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यांनी हा संच आधी उघडावा.

मग लांबी बघा. हायडनचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो साधारण १५ मिनिटांचा, मोझार्टचा बसून कॉन्चेर्टो १८ च्या आसपास, व्हॉन विल्यम्सचा ट्यूबा कॉन्चेर्टो १३ च्या आसपास, तर के. ६२२ जवळजवळ २८ मिनिटांचा. पहिल्यांदा पुढे येणाऱ्याने पंधरा-वीस मिनिटांच्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सेक्शनमध्ये तुम्ही दोन तास बसता खरे, पण त्यातला बराच वेळ विश्रांतीच्या बारांचा, म्हणजे न वाजवता नुसत्या मोजायच्या आवर्तनांचा, असतो. सोलोत ती सवलत नाही.

दोघांनी मिळून पुढे येणं हाही चांगला मार्ग आहे. बाखचा दोन व्हायोलिनचा कॉन्चेर्टो त्यासाठी नेहमी घेतला जातो. पहिलं व्हायोलिन कुणी वाजवायचं यावर त्यात मानापमान होतात. सुरुवात दुसरं व्हायोलिन करतं आणि दोन्ही पार्ट सारख्याच वजनाचे आहेत, हे आधी सांगून टाकलं की प्रश्न मिटतो.

कसोटी: दिवसभराचं काम आटोपून, थकलेल्या अवस्थेत, संध्याकाळी ही रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवता येईल का? सहा महिन्यांनी तरी येईल का? उत्तर डळमळीत असेल, तर एक पायरी खालची रचना घ्या. उत्तम वाजवलेला सोपा कॉन्चेर्टो ऐकून लोक तुम्हाला पुन्हा बोलावतात.

## टप्पा ३: पार्ट मागवा आणि स्वतः उघडून बघा

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

एकाच रचनेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या आवृत्त्या बाजारात असतात. हुमेलचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो मूळ ई मेजरमध्ये आहे, पण बहुतेक वादक तो ई फ्लॅटमध्ये वाजवतात. तुमचा सोलो पार्ट ई फ्लॅटचा आणि लायब्ररीतून आलेले ऑर्केस्ट्राचे पार्ट ई चे, असं झालं तर रिहर्सल पहिल्याच बारला थांबते. मोझार्टचा के. ३१४ ओबोवर सी मेजरमध्ये, तर बासरीवर डी मेजरमध्ये वाजतो. क्रमांक तोच असल्यामुळे मागवणारा फसतो.

डबल बेसवाल्यांनी तर दुप्पट काळजी घ्यायची. सोलोसाठी तारा एक पूर्ण स्वर वर चढवायच्या, की तारा नेहमीच्याच स्वरांना लावून (नेहमीच्या लावणीत) वाजवायचं, हे आधी ठरवा. कुसेविट्स्कीचा कॉन्चेर्टो सोलो लावणीत एफ शार्प मायनर ऐकू येतो आणि नेहमीच्या लावणीत ई मायनर. ऑर्केस्ट्राचे पार्ट त्याप्रमाणे बदलतात. मोझार्टच्या सिन्फोनिया कॉन्चेर्टांटेत, म्हणजे के. ३६४ मध्ये, व्हायोलाचा सोलो पार्ट मुळात डी मेजरमध्ये लिहिलेला आहे. तारा अर्धा स्वर चढवून वाजवायचा असा हेतू. आज बहुतेक जण नेहमीच्या लावणीत, ई फ्लॅटमध्ये वाजवतात. हातात आलेला पार्ट कोणता, ते बघून घ्या.

के. ६२२ ची गोष्ट आणखी वेगळी. तो कॉन्चेर्टो मुळात खाली सी पर्यंत उतरणाऱ्या बॅसेट क्लॅरिनेटसाठी होता. काही आवृत्त्यांत ते खालचे स्वर छापलेले असतात आणि नेहमीच्या ए क्लॅरिनेटवर ते नाहीतच. विकत घेताना आवृत्ती कोणत्या वाद्यासाठी आहे ते वाचा. आणि हो, तुमच्याकडे बी फ्लॅट क्लॅरिनेटच असेल तर ए क्लॅरिनेटची सोय आत्ताच करा. उसनं आणलेलं वाद्य ओळखीचं व्हायला महिने जातात.

मोफत पार्ट हवे असतील तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांची स्कॅन मिळतात. कामाची सोय आहे, पण दोन गोष्टी जपा. पहिली म्हणजे कॉपीराइट. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, युरोपात ७०. त्यामुळे एकच रचना इथे मोकळी आणि तिथे भाड्याची असू शकते. परदेशातल्या ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर तिथला नियम लागू. दुसरी गोष्ट खुणांची. स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) एका प्रकाशकाचा, पार्ट दुसऱ्याचा आणि तुमचा सोलो पार्ट तिसऱ्याचा असला, तर रिहर्सलची अक्षरं (जागा सांगायला छापलेली ए, बी, सी) आणि बारांचे आकडे जुळत नाहीत. कंडक्टर म्हणतो, "डी पासून घ्या," आणि तीन गट तीन जागांवरून सुरू होतात.

तपासा:
- ऑर्केस्ट्राचा पहिल्या व्हायोलिनचा पार्ट, स्कोअर आणि सोलो पार्ट टेबलावर शेजारी ठेवा. पट्टी, बारांची एकूण संख्या आणि अक्षरं जुळवा. अर्धा तास लागतो.
- कट किंवा रिपीट असेल तर सगळ्या पार्टांत पेन्सिलने खूण करा. पेनाने कधीही नाही.
- तंतुवाद्यांचं बोइंग, म्हणजे बो (गज) कुठे वर आणि कुठे खाली न्यायचा त्याच्या खुणा, लीडरला (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाला) विचारूनच लिहा. त्याचा तो अधिकार आहे.

## टप्पा ४: पहिले तीन आठवडे स्कोअर

वाद्य हातात घ्यायला माझी ना नाही, पण या काळात मुख्य काम स्कोअरचं. तुमच्या ओळीखाली काय चाललंय हे ज्याला पाठ आहे, तो चुकला तरी हरवत नाही.

टुटी, म्हणजे सबंध ऑर्केस्ट्रा वाजवतो ते भाग, गाऊन बघा. अक्षरशः तोंडाने गायचे. प्रत्येक प्रवेशाआधी कोणतं वाद्य काय वाजवतं ते तुमच्या पार्टात बारीक लिहून ठेवा: "दुसरं व्हायोलिन उतरतं, मग मी." विश्रांतीचे बार मोजून प्रवेश करायची सेक्शनमधली सवय पुढे आल्यावर दगा देते. प्रेक्षकांसमोर उभं राहून बारा बार मोजणं अवघड असतं. ओळखीचं वाक्य ऐकून आत येणं सोपं.

पाठांतर करायचं का? व्हायोलिन आणि चेलोच्या सोलोवाल्यांनी पाठ वाजवायचं, अशी रूढी आहे. वुडविंड (बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून) आणि ब्रासमध्ये समोर पार्ट ठेवलेला चालतो. ठेवणार असाल तर स्टँड खाली आणि जवळजवळ आडवं ठेवा, म्हणजे ते वाद्याच्या तोंडासमोर येणार नाही. पाठ वाजवणार असाल तर कुठल्याही अक्षरापासून सुरू करता आलं पाहिजे. फक्त सुरुवातीपासून येणारं पाठांतर म्हणजे बोटांची सवय असते. ती मध्ये तुटली की पुन्हा धरायला जागा नसते.

## टप्पा ५: आवाज बदला

सेक्शनमध्ये वर्षानुवर्षं एकच गोष्ट अंगात भिनलेली असते, शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा. तिथे तो गुण आहे. पुढे आल्यावर त्याच गुणामुळे वादक ऐकू येईनासा होतो.

सोलो पार्टात लिहिलेला पियानो, म्हणजे "हळू वाजवा" ही खूण, हा भावाचा पियानो असतो. आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेत पोचलाच पाहिजे. व्यवहारात सांगायचं तर ऑर्केस्ट्रात तुम्ही ज्याला मेझो फोर्टे (मध्यम जोर) म्हणता, तिथून सोलोचा पियानो सुरू होतो. जोर लावून हे होत नाही. तंतुवाद्यांवर बो ब्रिजच्या जवळ आणि सावकाश, तारेशी संपर्क न सोडता. वाद्य फुंकणाऱ्यांनी हवेचा वेग आणि स्वराची सुरुवात स्पष्ट ठेवायची. उच्चार नेहमीपेक्षा एका पायरीने ठसठशीत करा. खोलीत तो कानाला कडक वाटतो, पण हॉलमध्ये नेमका पोचतो.

खोलीत बसून हे कळणार नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून पंधरा-वीस मीटर लांब ठेवा. शाळेचा हॉल, चर्च, मंगल कार्यालय, मिळेल ती मोठी जागा चालेल. तीच चार वाक्यं तीन पद्धतींनी वाजवा आणि लांबून आलेला आवाज ऐका. स्वतःच्या कानाला चांगलं वाटणारं आणि लांबून चांगलं ऐकू येणारं यात फरक असतो, हे पहिल्याच दिवशी कळतं.

सावध: आवाज वाढवायच्या नादात सूर चढतो. ऑर्केस्ट्रा ज्याला सूर लावतो तो ए हा स्वर ४४० हर्ट्झचा आहे की ४४२ चा ते विचारून घ्या आणि ट्यूनरवर लांब स्वर धरून जोरात आणि हळू, दोन्ही बाजूंनी तपासा.

## टप्पा ६: उभं राहा

हा टप्पा जवळजवळ सगळे शेवटच्या आठवड्यावर टाकतात. तो तिसऱ्या महिन्यात यायला हवा.

बसूनचं उदाहरण घ्या. ऑर्केस्ट्रात बसूनवाला सीट स्ट्रॅपवर वाद्य तोलतो. पट्टा मांडीखाली असतो आणि वजन खुर्ची घेते. उभं राहिल्यावर तेच वजन खांद्यांवरच्या हार्नेसवर येतं. वाद्याचा कोन बदलतो, बोकल (रीड बसवायची वाकडी नळी) वेगळ्या उंचीवर येतो, रीड (ओठांत धरायची वेताची पात) ओठांत निराळी बसते. डावा हात आता वाद्य तोलायलाही लागतो, त्यामुळे अंगठ्याच्या किल्ल्या जड वाटतात. सहा वर्षं रोज वाजवलेला पॅसेज अचानक अडखळतो आणि वादकाला वाटतं, आपली तयारी कच्ची आहे. तयारी पक्की असते, कोन बदललेला असतो. दोन महिने रोज उभं राहून वाजवलं की हात स्वतःहून जागा शोधतात. अगदीच जमत नसेल तर खुर्चीत बसून वाजवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

चेलोवाल्याला पुढे लाकडी चौथरा मिळेल का हे विचारा आणि एंडपिनचा (चेलोच्या जमिनीला टेकणाऱ्या दांडीचा) पट्टा स्वतःचा न्या. पॉलिश केलेल्या स्टेजवर एंडपिन घसरते. हॉर्नचं तोंड उजवीकडे मागे असतं. कंडक्टरच्या डावीकडे उभे राहिलात की तो आवाज थेट पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत घुसतो. पावलं थोडी वळवून कोन शोधा. ट्यूबावाले खुर्चीत बसूनच वाजवतात, त्यांनी खुर्चीची उंची रंगीत तालमीआधी बघून घ्यावी.

कार्यक्रमाचे बूट आणि कोट किंवा साडी घालून निदान पाच-सहा वेळा सराव करा. खांद्यावर घट्ट बसणारा कोट बो धरलेला हात अडवतो आणि पदराची पिन व्हायोलिनच्या खाली येते.

## टप्पा ७: लय आपल्या हातात घ्या

सेक्शनमध्ये कंडक्टरची छडी बघायची आणि त्याच्या मागे जायचं. सोलोत नातं उलटतं. तबलजी गायकाकडे बघत असतो, तसा कंडक्टर तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही त्याची वाट बघत राहिलात आणि तो तुमची, की लय खाली बसते. नवख्या सोलोवाल्याच्या पहिल्या रिहर्सलला हटकून हेच होतं.

लय देणं हे शरीराचं काम आहे. प्रवेशाआधीचा श्वास त्याच लयीत घ्या. लय सैल सोडणार असाल, तर कुठे सोडणार आणि कुठे परत येणार हे दर वेळी तेच ठेवा. मुंबईत अनेक चांगले वादक रेकॉर्डिंग स्टुडिओत कानात क्लिक लावून वाजवून तयार झालेले आहेत. त्यांची लय पोलादी असते. त्यांनी उलटा सराव करावा. मेट्रोनोम बंद करून, वाक्याच्या शेवटी थोडं थांबून, पुढचं वाक्य नेमक्या मूळ लयीत उचलायचं.

मागच्या रांगेतून येणाऱ्यांना आणखी एक सवय सोडावी लागते. ब्रासवाले आणि टिंपनी स्टेजच्या मागे असतात, म्हणून त्यांना थोडं आधी वाजवायची सवय लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १२ मीटर अंतराला ३५ मिलिसेकंद लागतात आणि कानाला तेवढं कळतं. पुढे आल्यावर हीच घाई ऑर्केस्ट्राच्या आधी पळते. आता तुम्हाला मागचे वुडविंड उशिरा ऐकू येतील. त्यांच्यासाठी थांबू नका. कडेच्या नजरेने छडी बघा आणि पहिल्या व्हायोलिनच्या बोंशी जुळवा. ते तुमच्या सर्वांत जवळ असतात.

## टप्पा ८: कॅडेन्झा

के. १९१ मध्ये मोझार्टची स्वतःची कॅडेन्झा उपलब्ध नाही. कुणाची तरी घ्यावी लागते किंवा लिहावी लागते. के. ३६४ मध्ये त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. के. ६२२ मध्ये मोठी कॅडेन्झा नाहीच, दुसऱ्या भागात थांबून छोटीशी जोड द्यायची जागा आहे. आपल्या रचनेत काय आहे ते आधी बघा आणि चौथ्या महिन्याअखेर कॅडेन्झा कागदावर पक्की करा.

ती छोटी ठेवा. एक-दीड मिनिट पुष्कळ झालं. शेवटच्या दोन ओळी लिहून कंडक्टर आणि लीडर दोघांना द्या. शेवटच्या ट्रिलवर (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून वाजवतात तिथे) ऑर्केस्ट्रा आत येणार असतो. ती ट्रिल किती लांब आणि तिच्या शेवटी कोणते दोन स्वर येणार, हे त्यांना माहीत हवं. आयत्या वेळी कॅडेन्झा बदलणं टाळाच.

## टप्पा ९: पियानोबरोबर आणि लोकांसमोर

पाचव्या महिन्यात पियानोवादक घ्या. पियानोच्या साथीत एक धोका आहे. पियानोचा स्वर लगेच मिटतो, त्यामुळे तुम्ही सतत मोकळे ऐकू येता. खऱ्या ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यं स्वर धरून ठेवतात आणि तुमचे खालचे स्वर त्यात बुडतात. स्कोअरमध्ये बघून अशा जागा आधीच शोधा आणि पियानोवाल्याला तिथे पेडल धरून भरपूर वाजवायला सांगा.

कार्यक्रमाआधी तीनदा तरी माणसांसमोर पूर्ण वाजवा. पहिल्यांदा घरच्यांसमोर, दुसऱ्यांदा वाद्य कळणाऱ्या चार जणांसमोर, तिसऱ्यांदा अनोळखी जागी. पुण्याच्या कॅम्पातला एखादा हॉल, गोव्यातलं चर्च, शाळेचं स्नेहसंमेलन, काहीही चालेल. नियम एकच, थांबायचं नाही. चूक झाली तरी पुढे जायचं. चुकून पुढे जाण्याचा सराव वेगळाच करावा लागतो आणि तो एकट्याने खोलीत होत नाही.

सावध: शेवटच्या तीन आठवड्यांत रियाजाचे तास वाढवू नका. मनगट, कोपर आणि ओठ यांची दुखणी याच काळात उपटतात. दुखलं तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवा आणि स्कोअर वाचा.

## टप्पा १०: कंडक्टरची भेट, मग रिहर्सल

ऑर्केस्ट्राच्या रिहर्सलआधी कंडक्टरबरोबर एक तास बसा. वाद्य न्या. लयी, कट, कॅडेन्झाचा शेवट, लय सैल होणाऱ्या जागा आणि तंतुवाद्यं किती ठेवायची, एवढं बोलून घ्या. हळू जागांना फक्त पुढच्या दोन डेस्कांनी (एका स्टँडवरच्या जोडीला डेस्क म्हणतात) वाजवावं, ही सूचना मोझार्ट-हायडनमध्ये फार उपयोगी पडते. ती इथेच मांडा.

रिहर्सलमध्ये समोर तुमचेच सहकारी असतात आणि तिथे तोल जायची भीती असते. काहीही हवं असेल तर हळू आवाजात कंडक्टरला सांगा. पुढे उभं राहून "दुसरे हॉर्न, जरा कमी करा" असं थेट म्हणू नका. उद्या तुम्ही त्यांच्याच शेजारी बसणार आहात. दर चुकीला थांबून माफी मागू नका, त्याने सगळ्यांचा वेळ जातो. पहिल्यांदा सलग वाजवा, मग जागा निवडा.

रंगीत तालमीला विश्वासातल्या एका माणसाला हॉलमध्ये मागे बसवा. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारातच टाटा थिएटर आणि जमशेद भाभा थिएटर शेजारी आहेत, तरी दोन्हींत आवाज सारखा वागत नाही. पणजीच्या कला अकादमीत आणखी निराळा. त्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: कुठे बुडालो आणि कुठे स्वरांचे उच्चार कळले नाहीत? बाकी मतं कार्यक्रमानंतर ऐका.

## टप्पा ११: कार्यक्रमाचा दिवस

सकाळी हलका सराव, अवघड जागा अर्ध्या लयीत. पूर्ण रचना वाजवू नका.

पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या दमट हवेतून थेट एसी हॉलमध्ये शिरलात, की वाद्य बिथरतं. वुडविंड गार पडून सूर उतरतो, रीड सुकते, व्हायोलिनचे खुंटे सरकतात. दोन तास आधी पोचा, वाद्य पेटीतून काढून हॉलच्या हवेत ठेवा आणि मग लावा. रीड तीन घ्या, तिन्ही गेल्या आठवड्यात वाजवलेल्या. कोरी नको. तंतुवाद्यवाल्यांनी तारांचा जादा संच विंगेत ठेवावा, आणि तो संच बसवून एकदा ताणून झालेला असावा.

के. ६२२ मध्ये सोलो ५७ व्या बारला सुरू होतो. त्याआधी जवळजवळ दोन मिनिटं ऑर्केस्ट्रा वाजवत असतो आणि तुम्ही सर्वांसमोर उभे असता. या दोन मिनिटांत काय करायचं ते आधीच ठरवा. रीड तोंडात धरून ओली ठेवा. वाद्यात मधूनमधून आवाज न करता गरम हवा सोडा, म्हणजे ते गार पडणार नाही. किल्ल्यांखाली पाणी साचलं असेल तर कागदाने टिपा, कागद खिशात हवा. नजर ऑर्केस्ट्राकडे असू द्या आणि संगीत ऐका. पन्नासाव्या बारच्या सुमारास खांदे सोडा, श्वास मोकळा करा. हे सगळं खोलीत रेकॉर्डिंग लावून, उभं राहून, दहा-बारा वेळा केलेलं असावं.

संपल्यावर आधी कंडक्टरशी, मग लीडरशी हस्तांदोलन, मग प्रेक्षकांना नमस्कार, आणि मग ऑर्केस्ट्राकडे हात करून त्यांना उभं करा. एन्कोर (टाळ्यांनंतर वाजवायची जादा रचना) तयार ठेवा, पण तीन मिनिटांच्या आतला आणि साथीशिवाय वाजवता येणारा. टाळ्या ओसरल्या असतील तर वाजवू नका.

## टप्पा १२: सोलोनंतरची कामं

सिम्फनीत वाजवायचं कबूल केलं असेल, तर मध्यंतरात पाणी प्या, पाच मिनिटं गप्प बसा आणि खुर्चीत बसल्याबरोबर कान पुन्हा शेजाऱ्याकडे लावा. सोलोचा आवाज सेक्शनमध्ये घेऊन जाऊ नका.

रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, एक आठवडा जाऊ द्या. मग स्कोअर समोर ठेवून ऐका आणि जागा लिहून काढा. तोच कॉन्चेर्टो दुसऱ्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची संधी वर्षभरात आली, तर ही यादी उपयोगी पडते.

तुमच्या खुर्चीवर बसलेल्या वादकाचे आभार माना. पार्ट भाड्याचे असतील तर सगळे मोजून गोळा करा. दुसऱ्या व्हायोलिनचा शेवटच्या डेस्कचा पार्ट हटकून कुणाच्या तरी बॅगेत जातो आणि त्याचा भुर्दंड संस्थेला पडतो. परत पाठवण्याआधी बोइंगचे फोटो काढून ठेवा, मग पेन्सिलच्या खुणा खोडा आणि ठरलेल्या तारखेच्या आत पार्सल करा.